घरच्या सर्व्हरला बॅटरीचा आधार: कमी खर्चात, पण हिशेबाने

घरातल्या कपाटावर किंवा टीव्हीखाली छोटा सर्व्हर ठेवणारे आता फक्त संगणकातले दर्दी राहिलेले नाहीत. कुणाच्या सर्व्हरवर कुटुंबाचे फोटो असतात, कुणाच्या दुकानाचा हिशेब, तर कुणाचं सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग. त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. किती अँपिअरची बॅटरी घेऊ? सहाशे व्हीएचा यूपीएस पुरेल का? घरी इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की मशीन रीस्टार्ट का होतं?

या सगळ्यांत घाई होते ती बॅटरीची. खरं तर बॅटरीचा नंबर तिसरा. आधी तुम्हाला किती वेळ हवा ते ठरवा, मग सर्व्हर किती वीज खातो ते मोजा, मग बॅटरी घ्या. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात: लाईट गेल्याचं सर्व्हरला कळलं पाहिजे. ते कळलं नाही, तर बॅटरीमुळे सर्व्हरचं अचानक बंद पडणं टळत नाही, फक्त काही तासांनी लांबतं.

मिनिटं हवीत की तास?

अचानक वीज गेल्यावर सर्वांत मोठा धोका असतो तो अर्धवट लिहिलेल्या डेटाला. आजच्या फाइल सिस्टीम असा झटका बऱ्यापैकी सोसतात. डेटाबेस, मेमरी कार्ड आणि जुन्या हार्ड डिस्क मात्र सोसतीलच असं नाही. सर्व्हर नीट बंद व्हायला सहसा दोन-तीन मिनिटं पुरतात. म्हणून आधी स्वतःला विचारा:

- डेटा सुरक्षित राहिला की झालं? मग दहा-पंधरा मिनिटांचा आधार पुरे. सर्वांत स्वस्त पर्याय घ्या.
- लाईट नसतानाही सर्व्हर चालू हवा? कॅमेरे, घरातली स्वयंचलित उपकरणं किंवा बाहेरून फायली उघडणं यासाठी दोन ते चार तास धरा.
- दुरुस्तीच्या दिवशीही चालू हवा? पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी बराच वेळ वीज बंद राहते, तसा दिवस अनेक गावांत ठरलेला असतो. एवढ्या वेळासाठी छोटी बॅटरी महागात पडते. घरचा इन्व्हर्टर वापरा, नाहीतर त्या दिवशी सर्व्हर बंद ठेवा.

सर्व्हर चालू राहिला तरी इंटरनेट चालू राहीलच असं नाही. पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा राउटर कशावर तरी चालू ठेवा आणि फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर राहिला, तर तुमच्या केबलवाल्याकडे बॅकअप आहे. ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर तुमच्या घरातल्या बॅटरीने बाहेरचं इंटरनेट येणार नाही. अशा वेळी तासांवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

लोड मोजा

अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो. सर्व्हर प्रत्यक्षात किती खातो ते त्यावरून कळत नाही. 65 वॅटच्या अ‍ॅडॅप्टरवरचा छोटा मिनी पीसी एरवी दहा वॅटच्या आसपासच घेत असतो. सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. तो पूर्ण दिवस लावून ठेवा आणि सरासरी व कमाल, दोन्ही आकडे लिहून घ्या.

मोजताना हे सुटतं:

- राउटर आणि फायबरचा डबा. दोन्ही मिळून दहा वॅटपर्यंत जातात.
- साडेतीन इंची हार्ड डिस्क. ती फिरायला लागताना काही सेकंद वीस वॅटच्या पुढे जाते. लोड सरासरीत बसला, तरी या धक्क्याला बॅटरीचं व्होल्टेज बदलून देणारा कन्व्हर्टर बसतो.
- रास्पबेरी पाय. ‘पाय 4’ला 5 व्होल्ट 3 अँपिअरचा, तर ‘पाय 5’ला 5 व्होल्ट 5 अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे. बारीक केबलमुळे व्होल्टेज खाली आलं की बॅटरी भरलेली असूनही तो रीस्टार्ट होतो.

बॅटरीचा हिशेब

सूत्र एवढंच: वॅट गुणिले तास, भागिले 0.85. हा भागाकार कन्व्हर्टरमध्ये वाया जाणाऱ्या विजेसाठी. मग बॅटरीच्या जातीप्रमाणे आणखी एकदा भागा. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीसाठी 0.8 आणि लेड-अ‍ॅसिडसाठी 0.5.

समजा मिनी पीसी 10 वॅट आणि राउटरसह फायबरचा डबा 10 वॅट, मिळून 20 वॅट. तीन तास हवेत.

- 20 × 3 = 60 वॅट-तास
- 60 ÷ 0.85 = साधारण 71 वॅट-तास
- एलएफपी: 71 ÷ 0.8 = साधारण 89 वॅट-तास
- लेड-अ‍ॅसिड: 71 ÷ 0.5 = 142 वॅट-तास

12.8 व्होल्ट 6 अँपिअर-तासाचा एलएफपी पॅक म्हणजे 77 वॅट-तास, तो कमी पडेल. 12 अँपिअर-तासाचा म्हणजे 154, त्यावर हाच लोड पाच तासांच्या आसपास चालेल. यूपीएसमध्ये येणारी 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी 84 वॅट-तासांची असते. ती निम्म्यापर्यंतच वापरायची म्हटलं, तर पावणेदोन तास मिळतात.

दोघींच्या आयुष्यात मोठा फरक आहे. लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य साधारण 25 अंश तापमानाला धरून सांगितलेलं असतं आणि दर दहा अंशांच्या वाढीला ते जवळपास निम्म्यावर येतं. विदर्भातल्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत ही बॅटरी दोन वर्षांत बसली, तर त्यात नवल नाही. एलएफपी सुरुवातीला महाग पडते, पण चांगली असेल तर दोन हजार किंवा त्याहून जास्त वेळा भरता-उतरवता येते. लाईट वारंवार जात असेल, तर एलएफपी घ्या. महिन्यातून एखाद्या वेळी पाच मिनिटं जात असेल, तर लेड-अ‍ॅसिडही चालेल.

पर्याय, खर्चाच्या चढत्या क्रमाने

1. घरात इन्व्हर्टर आहे: बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि ईको किंवा नॉर्मल असं बटण असतं. ईको मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. अ‍ॅडॅप्टर तेवढा दम धरत नाही आणि सर्व्हर रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर करून बघा. व्होल्टेज फार कमी-जास्त होणाऱ्या भागात या मोडमध्ये इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल, म्हणून एक-दोन दिवस लक्ष ठेवा. खर्च शून्य.

2. जुना लॅपटॉपच सर्व्हर: बॅटरी, चार्जर आणि लाईट गेल्याची जाणीव, तिन्ही आयतंच मिळतं. झाकण बंद केल्यावर मशीन झोपणार नाही अशी सेटिंग करा. ज्या लॅपटॉपमध्ये सोय आहे तिथे चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवा. टचपॅड वर आलं असेल किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुलत असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती आजच काढून टाका.

3. राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस: साधारण हजार ते दोन हजार रुपयांत मिळणारा 12 व्होल्टचा डबा. राउटरला उत्तम. 12 व्होल्टवर चालणारा, कमी वीज खाणारा मिनी पीसीही यावर चालू शकतो, पण डब्यावर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. एक-दोन अँपिअरवाला डबा सर्व्हर सुरू होतानाच मान टाकेल.

4. सहाशे व्हीएचा तयार यूपीएस: साधारण अडीच ते साडेतीन हजार. दुकानातून आणून लगेच लावता येतो. पण बॅटरीवर असताना तो बाराचे दोनशे तीस व्होल्ट करतो आणि तुमचा अ‍ॅडॅप्टर ते परत बारावर आणतो. या उलाढालीत यूपीएस स्वतःच दहा-पंधरा वॅट खातो. वीस वॅटच्या लोडला हे परवडत नाही, पण पंधरा मिनिटांत सर्व्हर बंद करायचा असेल तर चालतं. संगणकाला जोडायचा यूएसबी पोर्ट आहे ना, हे विचारूनच घ्या. स्वस्त मॉडेलांत तो बहुधा नसतो.

5. स्वतः जोडलेला एलएफपी संच: जुना अ‍ॅडॅप्टर घरात असेल, तर बाकीचा खर्च साधारण चार ते सहा हजार. जास्त तास आणि जास्त वर्षं हवी असतील, तर पैशाचं मोल इथे मिळतं. मल्टिमीटर वापरता येत असेल तरच याच्या वाटेला जा.

मोबाइलची पॉवर बँक सर्व्हरला लावण्याचा मोह टाळा. लाईट गेल्या-आल्याच्या क्षणी बऱ्याच पॉवर बँका आउटपुट पळभर तोडतात आणि सर्व्हर तेवढ्यात बंद पडतो.

स्वतः जोडायचं ठरवलंत तर

सामान: बीएमएस, म्हणजे बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट, आत असलेला 12.8 व्होल्ट 12 अँपिअर-तासाचा एलएफपी पॅक, 19 व्होल्टचा जुना लॅपटॉप अ‍ॅडॅप्टर, व्होल्टेज आणि करंट दोन्ही ठरवता येणारं सीसी-सीव्ही स्टेप-डाउन मॉड्यूल, 10 अँपिअरचा शॉटकी डायोड, 12 व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर, होल्डरसह ब्लेड फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे एका फेरीत सगळं मिळतं.

1. मॉड्यूल आधी बॅटरीविना सेट करा. अ‍ॅडॅप्टर जोडा आणि डायोडच्या पुढे मल्टिमीटर लावून 13.8 व्होल्ट येईपर्यंत स्क्रू फिरवा. करंटची मर्यादा 3 अँपिअर ठेवा. मॉड्यूलवर 5 लिहिलेलं असलं, तरी सलग तेवढे घेतले की ते तापून जळतं.
2. डायोड विसरू नका. तो नसेल, तर लाईट गेल्यावर बॅटरीची वीज उलटी मॉड्यूलमध्ये शिरते.
3. फ्यूज बॅटरीच्या प्लसला चिकटून लावा. वीस-तीस वॅटला 5 अँपिअरचा पुरतो. फ्यूज सर्व्हरच्या टोकाला लावला, तर मधल्या वायरला संरक्षण राहत नाही.
4. सर्व्हर थेट बॅटरीवर जोडू नका. चार्ज होताना 13.8 आणि पूर्ण उतरत आल्यावर 11-12 व्होल्ट अशी तिची रेंज असते. बक-बूस्ट कन्व्हर्टर मध्ये ठेवा आणि त्याचं आउटपुट 12.0 वर सेट करा.
5. पिन तपासा. 5.5 मिलिमीटरच्या गोल जॅकमध्ये आतली पिन 2.1 आणि 2.5 मिलिमीटर अशा दोन मापांची येते. चुकीचं माप घुसलं, तरी सैल राहतं आणि सर्व्हर अधूनमधून बंद पडतो. प्लस-मायनस मल्टिमीटरने बघूनच जोडा.
6. पहिला दिवस घरी असताना चालवा. दर तासाने मॉड्यूल, डायोड आणि जोड यांना हात लावून बघा. हात ठेववत नसेल इतकं तापत असेल, तर बंद करा.

या मापांत सर्व्हर दीड अँपिअर घेतो आणि दीड बॅटरीला उरतात. रिकामी झालेली बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतील. दिवसातून दोनदा लाईट जाणाऱ्या गावात हे ध्यानात ठेवा.

तुमचा छोटा पीसी 19 किंवा 20 व्होल्टवर चालत असेल, तर बूस्ट कन्व्हर्टर लागेल. डेल आणि एचपीच्या अनेक मशीनना अ‍ॅडॅप्टर ओळखण्यासाठी मधली पिन असते. ओळख पटली नाही, तर मशीन मंद चालतं किंवा कुरकुरतं. अशा मशीनला यूपीएस किंवा इन्व्हर्टरच बरा.

लाईट गेली हे सर्व्हरला कळवा

- यूएसबी असलेला यूपीएस: लिनक्सवर ‘नट’ या नावाने ओळखलं जाणारं नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. बॅटरी ठरावीक टक्क्यांखाली आली की ते सर्व्हर नीट बंद करतं.
- स्वतः जोडलेला संच: राउटर बॅटरीवर ठेवा आणि एखादा वायफाय प्लग किंवा बल्ब थेट भिंतीच्या सॉकेटवर. सर्व्हरने दर मिनिटाला त्याला पिंग करायचं. सलग काही मिनिटं उत्तर आलं नाही, म्हणजे लाईट गेली. एकच उपकरण कधी स्वतःच अडकतं, म्हणून दोन ठेवा आणि दोन्ही गप्प झाली तरच पुढचं पाऊल उचला.

एलएफपीत एक खोच आहे. तिचं व्होल्टेज बराच वेळ 13 च्या आसपास सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. व्होल्टेजवरून टक्के काढायला गेलात, तर फसाल. त्यापेक्षा वेळ मोजा: बॅटरी पाच तास पुरत असेल, तर साडेतीन तासांनी सर्व्हर बंद करा.

दुसरी खोच परत सुरू होण्याची. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ अशी सेटिंग असते आणि ती चालू ठेवायलाच हवी. पण समजा सर्व्हर नीट बंद झाला, बॅटरी संपली नव्हती आणि तेवढ्यात लाईट आली. सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, त्यामुळे तो बंदच राहतो. तुम्ही परगावी असाल, तर हात चोळत बसाल. उपाय दोन: राउटर किंवा दुसरं छोटं उपकरण ‘वेक ऑन लॅन’चा संदेश पाठवेल अशी सोय करा, किंवा कमी व्होल्टेजला पुरवठा तोडून, बॅटरी पुन्हा चार्ज होऊ लागल्यावरच जोडणारा कटऑफ लावा. तो 12.0 व्होल्टच्या आसपास तोडेल आणि 13.2 वर जोडेल असा ठेवा. दुसरा उपाय बॅटरी खरोखर उतरली तरच कामाला येतो, म्हणून पहिला जास्त भरवशाचा.

इथे पैसे वाया जातात

- मोटारीची जुनी बॅटरी: ती काही सेकंद मोठा करंट द्यायला बनवलेली असते. तासन्‌तास उतरवली की लवकर मरते.
- 9,900 एमएएच लिहिलेले 18650 सेल: या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते. आकडा फुगवलेला असेल, तर सेलही भरवशाचा नाही.
- जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल: प्रत्येकाचं वय वेगळं. ते एकत्र जोडून रात्रंदिवस चार्जिंगवर ठेवणं म्हणजे घरात आगीला आमंत्रण.
- लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लिथियम पॅकला: काही चार्जर बॅटरी ‘साफ’ करायला मधूनच व्होल्टेज चढवतात. एलएफपीला ते सोसत नाही.
- बंद कपाट, पलंगाखालची जागा, देवघराशेजार: बॅटरी फरशीवर, मोकळ्या हवेत, पडदे आणि कागदांपासून दूर ठेवा. कोकणात दमट हवेने टर्मिनल हिरवी पडतात, म्हणून पावसाळ्याआधी पुसून त्यांना व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा.
- बॅटरी आहे म्हणून डेटाची प्रत न ठेवणं: बॅटरी डिस्कला मरणापासून वाचवत नाही. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत घराबाहेर हवीच.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

- भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी बघा. लिथियम सेल आणि बॅटऱ्यांसाठी आयएस 16046 हे मानक आहे. पॅकवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल, तर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो तपासता येतो.
- पक्कं बिल घ्या. यूपीएसची वॉरंटी आणि त्यातल्या बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा वेगवेगळ्या मुदतीची असते. दोन्ही बिलावर लिहून घ्या.
- दाद मागा. दुकानदार टोलवाटोलवी करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही.
- जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी वेगळी देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे, तर ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची. लेड-अ‍ॅसिड परत दिली, तर नवीवर सूटही मिळते. ती मागून घ्या.
- वीज वारंवार जात असेल, तर वायरमनला फोन करून थांबू नका. वीज कंपनीच्या 1912 क्रमांकावर तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. दुरुस्तीला किती वेळ लागावा आणि उशीर झाला तर भरपाई किती, हे राज्य वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या विनियमांत दिलेलं आहे. दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर मुंबई व नागपूर इथले विद्युत लोकपाल. तारखा आणि वेळा लिहिलेली वही अशा वेळी उपयोगी पडते. ती वही सर्व्हरलाच ठेवू द्या, कारण लाईट गेल्या-आल्याची नोंद तो आपोआप करू शकतो.

चाचणी घेतल्याशिवाय काम पूर्ण नाही

सगळं जोडून झालं की डेटाची ताजी प्रत घ्या आणि घरातले दिवे चालू असताना यूपीएस, इन्व्हर्टर किंवा चार्जर ज्या सॉकेटवर आहे, त्याचं बटण बंद करा. पिंगची पद्धत वापरत असाल, तर त्या वायफाय प्लगचंही. मग हे तपासा:

1. सर्व्हर रीस्टार्ट न होता चालू राहिला का?
2. ठरलेल्या वेळी तो नीट बंद झाला का? लॉगमध्ये तशी नोंद आहे का?
3. बॅटरी संपण्याआधीच बटण पुन्हा चालू केलं, तर सर्व्हर स्वतःहून उठला का?

तिन्ही उत्तरं ‘हो’ आली, तर दर तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा घ्या आणि बॅटरी किती वेळ पुरली ते लिहून ठेवा. हा वेळ नव्या बॅटरीच्या तुलनेत निम्म्यावर आला की बॅटरी बदला, ती दिसायला ठणठणीत असली तरी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर आणखी मोठी बॅटरी आणू नका. दोष तिच्यात नाही, सेटिंगमध्ये आहे आणि तो दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.